फोन कोरा होण्याआधी

फोन ठणठणीत होता, फक्त कंपनीने अपडेट देणं थांबवलं होतं. भाचा म्हणाला, "मावशी, लिनिएज ओएस टाकू, अजून काही वर्षं चालेल." त्यासाठी आधी बूटलोडर अनलॉक करावा लागतो, आणि तो केला की फोनमधलं सगळं पुसलं जातं. त्या तयारीत मला उमगलेलं थोडंफार.

१. हे पुसलं जाणं आपल्याच भल्यासाठी असतं. फोन चालू होताना कुठली सिस्टम आत घ्यायची हे ठरवणारा बूटलोडर म्हणजे वाड्याच्या दिंडीवरचा राखणदार. त्याने कुणालाही आत सोडायचं कबूल केलं, तर चोरालाही आपल्या खोल्या धुंडाळता येतील. म्हणून आधी घर रिकामं. भाच्याने हे सांगेपर्यंत मी कंपनीला मनातल्या मनात बरंच काही ऐकवलं होतं.

२. परवानगी फारच स्वस्तात मिळते. सेटिंगमध्ये बिल्ड नंबरवर सात टिचक्या मारल्या की फोन जाहीर करतो, तुम्ही आता डेव्हलपर झालात. इतक्या कमी अभ्यासात मला दुसरी कुठली पदवी मिळालेली नाही. मग 'ओईएम अनलॉकिंग'चं बटण दिसतं. ते नुसतं चालू केलं तर काही पुसलं जात नाही. पुसणारी आज्ञा पुढे कॉम्प्युटरवरून जाते. भाच्याने मला बटण दाबू दिलं, कॉम्प्युटरजवळ मात्र फिरकू दिलं नाही.

३. "बॅकअप चालू आहे" हे वाक्य अर्धंच असतं. कशाचा, ते विचारायला हवं. गूगलच्या बॅकअपमध्ये एसएमएस, कॉलची नोंद, सेटिंग वगैरे जातं. गूगल फोटोजमध्ये आपण कॅमेऱ्याने काढलेले फोटो जातात. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्यांचं फोल्डर वेगळं चालू करावं लागतं. आणि माझे बरे दिसणारे झाडून सगळे फोटो दुसऱ्यांनी काढून पाठवलेले!

४. सगळ्यात जास्त वेळ व्हॉट्सअ‍ॅपने खाल्ला. ते रोज रात्री दोनच्या सुमारास गप्पांची प्रत काढतं, हे कळल्यावर मी निर्धास्त झाले. पण ती प्रत फोनमध्येच असते, म्हणजे फोनबरोबर तीही जाणार. ड्राइव्हवर ठेवावी, तर २०२४ पासून तीही गूगलच्या फुकट १५ जीबीत धरली जाते, आणि माझी जागा सुप्रभातच्या फुलांनी आधीच भरलेली. सरसकट उडवायला बसले, तर एका गुलाबाखाली मावसबहिणीने लिहिलेलं भाजणीचं प्रमाण सापडलं. मग काय, एकेक फूल उघडून बघणं आलं. शेवटी व्हॉट्सअ‍ॅपचं अख्खं फोल्डर कॉम्प्युटरवर उतरवलं आणि त्यातले दोन-चार फोटो तिथे उघडून पाहिले. 'कॉपी झालं' या शब्दांवर माझा फारसा विश्वास नाही. बॅकअपला एन्क्रिप्शनचा पासवर्ड लावला असेल, तर तो कागदावर हवाच; तो हरवला की व्हॉट्सअ‍ॅपलाही ती प्रत उघडता येत नाही.

५. माणसंही तीन ठिकाणी राहत होती: काही गूगल खात्यात, काही सिमवर, काही नुसती फोनमध्ये. जाणार होती ती तिसरी. त्यांची एक फाइल करून स्वतःला मेल केली. त्यात 'प्लंबर', 'प्लंबर चांगला' आणि 'प्लंबर उचलू नये' असे तिघे निघाले. तिघांनाही ठेवलं.

६. ओटीपीचे आकडे दाखवणारं अ‍ॅप कुणाच्याच लक्षात राहत नाही. गूगल ऑथेंटिकेटरमधले कोड खात्याशी जोडायची सोय २०२३ मध्ये आली. त्याआधी ते फक्त फोनमध्येच असायचे. माझी जोडणी बंदच होती.

७. काही गोष्टींना बॅकअपचा उपयोग नाही. बँकेचं अ‍ॅप पुन्हा उतरवता येतं, पण बूटलोडर उघडा दिसला की काही अ‍ॅप चालायलाच नकार देतात. त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं. तेव्हा यूपीआय आधीच घरातल्या दुसऱ्या फोनवर हलवलं. भाजी घ्यायला जाताना आता तो नेते. जुन्यावर रेडिओ ऐकते.