आधी विचार, मेल आहे कुठे?

पोरी, आजपासून कचेरीतल्या बारा जणांची मेल तुझ्या हाती आली. कुणी "माझी मेल गेली" म्हणत धावत आलं, तर पासवर्ड विचारायच्या आधी विचार, ती शेवटची दिसली कुठल्या मशिनवर? आणि ते मशिन पॉपवर आहे की आयमॅपवर?

मेल आणून पोहोचवायचं काम एसएमटीपीचं. ते सर्व्हरवरच्या पेटीत पत्र टाकून मोकळं होतं. पेटीतून पत्र कसं घ्यायचं, ते पॉप आणि आयमॅप ठरवतात. पॉप १९८४ सालचा. फोन लावून नेट जोडायच्या दिवसांत तो फार सोयीचा होता: जोडा, सगळं उतरवून घ्या, पेटी रिकामी करा, फोन ठेवा. आयमॅप मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ साली स्टॅनफर्डमध्ये घडवला. त्यात अस्सल पत्र सर्व्हरवरच राहतं, आपल्याकडे असते ती नक्कल. वाचल्याची खूणही तिकडेच लागते, म्हणून फोनवर वाचलेलं कॉम्प्युटरवरही वाचलेलं दिसतं.

मी एका कारखान्यात पॉप लावून दिला होता. 'सर्व्हरवर प्रत ठेवा' ही खूण करायची राहिली. सहा वर्षांनी त्या मशिनची हार्ड डिस्क गेली. सर्व्हर उघडला तर पेटी रिकामी. सर्व्हरवर बिघाड काहीच नव्हता, पॉपने सांगितलेलं काम चोख केलं होतं. तिथल्या हिशेबनीस बाईंचा चेहरा मला अजून आठवतो.

म्हणून पॉप दिसला की ती खूण आधी बघ. पाठवलेली पत्रं मात्र खूण असली तरी सहसा सर्व्हरवर ठेवली जात नाहीत, ज्या मशिनवरून पाठवली तिथेच राहतात. पॉपमध्ये कधी तीच मेल दोनदा उतरली तर घाबरू नकोस. पुसायची आज्ञा दिली तरी सर्व्हर ती 'क्विट' ही शेवटची आज्ञा मिळाल्यावरच पाळतो. मध्येच लाइन तुटली तर काहीच पुसलं जात नाही. ज्याने हे ठरवलं त्याने फार विचार केला होता.

आयमॅपमध्ये धोका उलट्या बाजूने येतो. फोनमध्ये जागा नाही म्हणून कुणी जुनी मेल पुसतो आणि ती कचेरीतूनही जाते. सगळीकडे सारखं दिसणं म्हणजे बॅकअप नव्हे, हे बाराही जणांना समोर बसवून सांग. सर्व्हर बदलायचा असेल तर जुना बंद करण्याआधी सगळं लोकल फोल्डरमध्ये ओढून घे. मग नेटची वायर काढ आणि सगळ्यात जुनं पत्र अटॅचमेंटसकट उघडतंय का बघ. काही प्रोग्राम शेवटच्या काही महिन्यांचीच मेल मशिनवर ठेवतात, ते या परीक्षेत कळतं.

सेटिंगमध्ये पॉपला पोर्ट ११० किंवा आयमॅपला १४३ दिसला तर अनुक्रमे ९९५ आणि ९९३ वर ने, म्हणजे पासवर्ड उघडा जाणार नाही.

हिशेबाच्या टेबलावरचं मशिन अजून पॉपवर आहे. त्याला हात लावण्याआधी आउटलुक पूर्ण बंद कर, त्याची सगळी मेल जिच्यात असते ती पीएसटी फाइल बाहेरच्या डिस्कवर घे आणि ती दुसऱ्या मशिनवर उघडून बघ. उघडली की आयमॅप लाव आणि जुनी पत्रं थोडीथोडी करून वर चढव. नाही उघडली, तर काही न करता मला फोन कर, रात्रीचे अकरा वाजले असले तरी.