कोपरीच्या दमट हवेत टिकणारा घरचा मेकअप : काय करावे, काय टाळावे

ठाणे पूर्वेला, आपल्या कोपरीत, नटण्याचे दिवस चैत्रापासून सुरू होतात. पाडव्याला सकाळी नऊवारी नेसून पलीकडे कौपिनेश्वर मंदिराच्या शोभायात्रेला जायचे असते. त्याच सुमारास कॉलनीतल्या सिंधी घरांत चेटीचंड असतो. श्रावणात चेंदणी कोळीवाड्याची नारळी पौर्णिमा, मग गौरी, नवरात्र, आणि तुळशीचे लग्न लागले की लग्नसराई. प्रत्येक वेळी पार्लरवालीला घरी बोलावणे परवडत नाही, आणि तशी गरजही नाही. अडचण अशी की शिकायला जे व्हिडिओ मिळतात ते बहुतेक गार खोलीत केलेले असतात. आपल्याकडे शेजारी खाडी, हवा दमट, आणि दाराबाहेर पडले की रिक्षा, रेल्वेचा पूल, गर्दी. म्हणून इथे तीनच गोष्टी सांभाळायच्या: थर कमी, उजेड खरा, वस्तू तपासलेली.

आधीचे दिवस

करावे: नवी वस्तू आणली की कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थोडी लावून दोन दिवस वाट पाहावी. खाज, लाली, पुरळ यांतले काहीही दिसले तर ती वस्तू चेहऱ्याला लावू नये, कितीही महाग असो.

करावे: थ्रेडिंग दोन-तीन दिवस आधी, फेशियल आठवडाभर आधी उरकावे. सबंध मेकअपची एक रंगीत तालीम करावी आणि तो चेहऱ्यावर ठेवूनच घरची कामे करावीत. तीन तासांनी नाकाच्या बाजूला, ओठांवर, डोळ्यांखाली काय झाले ते आरशात पाहावे. कोणता थर जास्त झाला ते तिथेच कळते.

टाळावे: आदल्या रात्री ब्लीच, नवे स्क्रब, नवा फेसपॅक. सोललेल्या कातडीवर फाउंडेशन बसत नाही, पापुद्रे उठून दिसतात.

रंग आणि उजेड

सगळ्यांत जास्त चुका इथे होतात, म्हणून जरा सविस्तर.

करावे: फाउंडेशनची छटा जबड्याच्या कडेला लावून पाहावी, अशी की अर्धी रेघ गालावर आणि अर्धी मानेकडे येईल. दुकानाच्या बाहेर येऊन दिवसाच्या उजेडात बघावी. दहा-पंधरा मिनिटे थांबावे, कारण हवा आणि त्वचेचे तेल लागून काही फाउंडेशने गडद होतात. जी रेघ शोधूनही सापडत नाही ती आपली छटा.

टाळावे: मनगटावर किंवा हाताच्या पाठीवर छटा पाहणे. हात उन्हाने रापलेला असतो, चेहऱ्याचा रंग वेगळा असतो.

टाळावे: एक-दोन छटा उजळ घेणे. चेहरा राखाडी दिसतो आणि मान वेगळीच उरते. आपल्याकडच्या सावळ्या, गव्हाळ रंगावर पिवळसर किंवा सोनेरी झाक असलेली छटा बहुधा शोभते, गुलाबी झाक क्वचितच. विक्रेतीने ‘थोडं फेअर घ्या, फोटोत छान दिसतं’ असे म्हटले तर नम्रपणे नाही म्हणावे. मेकअप आपला वर्ण बदलण्यासाठी करायचा नसतो; आहे तो वर्ण एकसारखा आणि ताजा दिसावा एवढेच त्याचे काम.

करावे: डोळ्यांखालची काळी वर्तुळे झाकायची असतील तर कन्सीलरच्या आधी नारिंगी किंवा पीच रंगाचा करेक्टर अगदी पातळ लावावा. निळसर-करड्या सावलीला नारिंगी रंग मारतो. नुसता उजळ कन्सीलर थापला की वर्तुळे करडी होऊन वर येतात.

करावे: खिडकीकडे तोंड करून बसावे. ज्या घरात खिडकीला लागूनच समोरची इमारत आहे, तिथे पांढरा दिवा समोरून आणि चेहऱ्याच्या उंचीवर ठेवावा. डोक्यावरच्या ट्यूबलाइटने डोळ्यांखाली सावली पडते आणि आपण नको तिथे कन्सीलर वाढवत जातो.

करावे: संध्याकाळचा समारंभ असेल तर अंधाऱ्या खोलीत फ्लॅश लावून एक फोटो आधीच काढावा. झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड असलेले सनस्क्रीन आणि सिलिकाची पांढरी पावडर फ्लॅशचा प्रकाश परत फेकतात. आरशात छान दिसणारा चेहरा अल्बममध्ये पिठूळ येतो तो यामुळे.

टाळावे: फक्त चेहरा रंगवून मान, कान आणि गळा तसेच सोडणे. खोल गळ्याच्या ब्लाउजवर हा फरक लांबूनही दिसतो.

घाम

करावे: चेहरा धुऊन, हलके मॉइश्चरायझर लावून दहा मिनिटे पंख्याखाली बसावे. दिवसाचा कार्यक्रम असेल तर मग सनस्क्रीन, आणि पुन्हा दहा मिनिटे. पाडव्याच्या शोभायात्रेत ऊन डोक्यावर येईपर्यंत चालावे लागते, तिथे सनस्क्रीन गाळून चालणार नाही. शोभायात्रेची ही प्रथा 1999 मध्ये डोंबिवलीच्या गणेश मंदिर संस्थानाने सुरू केली आणि गावोगाव पोहोचली. नटून उन्हात चालण्याचा हा सण आता आपल्या भागाचाच झाला आहे.

करावे: प्रायमर आणि फाउंडेशन एकाच जातीचे घ्यावे. पाण्याचे तर दोन्ही पाण्याचे, सिलिकॉनचे तर दोन्ही सिलिकॉनचे. जात बदलली की नाकाजवळ गोळे होतात.

करावे: ओलसर, घट्ट पिळलेल्या स्पंजने टिपत टिपत लावावे. चोळू नये. पावडर फक्त कपाळ, नाक, हनुवटीवर.

टाळावे: घाम आल्यावर रुमालाने पुसणे आणि त्यावर पुन्हा पावडर. टिपकागद किंवा साध्या टिश्यूने दाबून घाम उचलावा, मगच लागली तर पावडर. ओल्या चेहऱ्यावर पडलेल्या पावडरीचे डाग होतात आणि ते घरी येईपर्यंत जात नाहीत.

टाळावे: श्रावणातल्या मिरवणुकीला क्रीम ब्लश आणि चकचकीत हायलायटर. खाडीकडे नाचत जाताना पाऊस येणारच. कोळीवाड्यातल्या बायकांच्या अंगावर सोने, वेणी आणि लुगड्याचा रंग एवढा भरभरून असतो की चेहऱ्यावर पाण्याने न उतरणारे काजळ आणि लिपस्टिक पुरे होते.

हळद, नथ आणि मुंडावळ्या

मराठी लग्नाचा मेकअप कोणत्याही परदेशी व्हिडिओत शिकायला मिळत नाही, कारण त्यांच्याकडे नथ नाही.

करावे: हळदीच्या दुसऱ्या दिवशी लग्न असेल तर चेहऱ्यावरची हळद आधी खोबरेल तेलाने कापसावर उतरवावी आणि मग सौम्य फेसवॉश वापरावा. हळदीतला रंग पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो.

टाळावे: हळद काढायला अंगाचा साबण घासणे. साबणातल्या क्षाराने हळद तांबूस होते (हळदीला चुना लावून कुंकू करतात ते याच गुणामुळे), आणि चोळल्याने कातडी लाल होते ती वेगळीच.

करावे: नथ सगळ्यांत शेवटी. आधी लिपस्टिक लावून पूर्ण वाळू द्यावी, टिश्यूने एकदा दाबावी. नथ जिथे टेकते त्या नाकपुडीवरचे फाउंडेशन पुसून घ्यावे, म्हणजे दाबाची नथ घसरत नाही.

टाळावे: नथीखाली ओली, चकाकणारी लिपस्टिक. मोती लाल होतात आणि ओठांच्या वर रंग पसरतो. न पुसली जाणारी मॅट लिपस्टिक इथे बरी, खाली लिप बाम लावून दहा मिनिटांनी.

करावे: मुंडावळ्या बांधण्यापूर्वी कपाळाच्या कडेला आणि गालाच्या बाजूला पावडर नीट बसवावी. लोंबणाऱ्या मोत्यांच्या सरी ओल्या फाउंडेशनवर रेघा पाडतात.

करावे: होमाचा धूर लागणारच, म्हणून खालच्या पापणीवरचे काजळ बेताचे ठेवावे. एका नातलग बाईकडे टिश्यू, कॉटन बड आणि लिपस्टिक द्यावी. नवरीने स्वतःचा मेकअप स्वतः करण्यात काहीही कमीपणा नाही. फक्त तो लग्नाच्या वेळेआधी तासभर पुरा व्हावा.

डोळे

करावे: कॉन्टॅक्ट लेन्स मेकअपच्या आधी घालाव्यात, रात्री मेकअप काढण्याच्या आधी उतरवाव्यात.

टाळावे: काजळाची एकच कांडी बहिणी-बहिणींत फिरवणे. पावसाळ्यात डोळे येण्याची साथ असते तेव्हा तर मुळीच नाही. गौरीच्या दिवशी घरात दहा बायका नटत असतात. प्रत्येकीची कांडी वेगळी.

टाळावे: उघडून तीन महिने झालेला मस्कारा. बाटलीवर उघड्या डबीचे चित्र आणि आकडा असतो, तो उघडल्यानंतरचे महिने सांगतो.

टाळावे: बिनानावाचा सुरमा. पारंपरिक सुरम्यात अनेकदा शिशाचे खनिज असते. लहान मुलांच्या डोळ्यांना तर काहीच लावू नये, शाळेच्या स्नेहसंमेलनालासुद्धा.

टिकली आणि चंद्रकोर

करावे: चंद्रकोर काढायची तर मेकअप बसल्यावर. पूर्वीच्या बायका मेणावर कुंकू लावत, ते आजही उत्तम टिकते; घामाने ओघळ येत नाही.

टाळावे: तीच टिकली आरशाला चिकटवून दिवसेंदिवस वापरणे आणि ती लावूनच झोपणे. काही टिकल्यांच्या डिंकातील रसायनाने, पॅरा-टर्शरी ब्युटाइल फिनॉलने, कपाळावर पांढरा डाग पडतो. त्वचारोगतज्ज्ञांना हा प्रकार चांगला परिचयाचा आहे. जागा खाजू लागली की टिकली त्याच दिवशी थांबवावी.

विकत घेताना

करावे: डबीवर बनवणाऱ्याचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, घटकांची यादी आणि वापरण्याची शेवटची तारीख वाचावी. परदेशी मालावर आयात करणाऱ्याचे नाव आणि नोंदणी क्रमांक हवा. लोकलच्या लेडीज डब्यात टिकल्या, पिना, क्लिपा खुशाल घ्याव्यात. विकणाऱ्या बायकांचे पोट त्यावर आहे. ओठांना आणि डोळ्यांना लावायची वस्तू मात्र छापील माहिती असेल तरच.

टाळावे: ‘आठ दिवसांत गोरेपणा’ सांगणारी बिनलेबलची क्रीम. समारंभ जवळ आला की या डब्या मैत्रिणीच्या मैत्रिणीकडून घरात येतात, आणि हा या यादीतला सगळ्यांत गंभीर मुद्दा आहे. अशा क्रीममध्ये पारा सापडतो. पारा त्वचेचा रंग उतरवतो आणि अंगात शिरून मूत्रपिंडे बिघडवतो. अकोल्यात एकाच घरातल्या तिघींना अशा क्रीममुळे मूत्रपिंडाचा विकार झाल्याचे 2023 मध्ये उघडकीस आले. त्याच वर्षी केरळमध्ये मलप्पुरम जिल्ह्यातही असेच रुग्ण सापडले. आपल्याकडच्या 2020 च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार डोळ्यांच्या प्रसाधनांत पाऱ्याचे प्रमाण दहा लाखांत 70 भागांपर्यंत आणि इतर प्रसाधनांत नकळत आलेला पारा 1 भागापर्यंतच चालतो. ‘फेअर अँड लव्हली’सारख्या जुन्या क्रीमनेसुद्धा 2020 मध्ये नावातला ‘फेअर’ काढला. आपल्या मुलींसमोर तो शब्द आपणही काढून टाकूया.

करावे: समारंभाहून कितीही उशिरा आलात तरी तेलाने मेकअप उतरवून, चेहरा धुऊनच झोपावे.

गोरेपणाची बिनलेबलची क्रीम घरात असेल तर आजच बंद करावी. चेहरा किंवा पाय सुजत असतील, लघवीला फेस येत असेल तर डबी सोबत घेऊन डॉक्टरांकडे जावे. कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय एका स्टेशनवर आहे. डबी फेकू नये, तोच पुरावा असतो. तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते.