टाकलेली वस्तु आणि साथीचा रोग

'बोहारीण' हा शब्द आमच्या वर्गांतील निम्म्या मुलांस ठाऊक नव्हता. परंतु तिची हाक सर्वांनीं ऐकिलेली होती. डोक्यावर भांड्यांची पाटी, काखेंत जुन्या कपड्यांचें गाठोडें आणि दुपारच्या निवांत वेळीं गल्लींत घुमणारा तो लांबट सूर, एवढें वर्णन होतांच मुलांनीं तिला ओळखिलें. ती जुने कपडे घेते व त्यांच्या मोबदल्यांत पातेलें, डबा किंवा बादली देते. रोख पैशाचा संबंध बहुधा येतच नाहीं. एका पातेल्यास साड्या तीन कीं चार, यावर घरची गृहिणी व बोहारीण यांची जी घासाघीस चालते, ती अर्थशास्त्राच्या पुष्कळ धड्यांहून अधिक शिकविते, असें माझें मत आहे.

हें गाठोडें पुढें कोठें जातें? तिच्या घरीं प्रथम त्याची निवड होते. धड कपडे धुऊन, टांके घालून, इस्त्री करून जुन्या बाजारांत विकले जातात. फाटक्या सुती कपड्यांच्या चिंध्या यंत्रशाळांत तेल पुसावयास लागतात. लोकरीची वाट निराळी. हरियाणांतील पानिपत येथें जुनी लोकर पिंजून तिचें पुन्हा सूत काढतात व त्याचीं स्वस्त ब्लँकेटें विणतात. रद्दी, बाटल्या, पत्रा, पितळ, जर्मनचीं भांडीं यांचा असाच प्रवास भंगारवाल्याच्या तराजूपासून सुरू होतो. पुण्यांतील कचरावेचकांची 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' १९९३ सालीं स्थापन झाली आणि २००८ पासून त्यांचीच 'स्वच्छ' ही सहकारी संस्था महानगरपालिकेशीं करार करून घरोघरचा कचरा गोळा करूं लागली. हें सांगण्याचें कारण एवढेंच कीं, ज्यास आपण 'टाकलें' म्हणतों, तें दुसऱ्या कोणाच्या तरी त्या दिवसाच्या मिळकतींत जमा होत असतें.

ही वाट मार्च २०२० मध्यें एकाएकीं बंद पडली. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी झाली. कचरा नेणाऱ्या स्त्रिया येतच होत्या, कारण त्यांचें काम अत्यावश्यक ठरलें. पण भंगाराचीं दुकानें बंद, तेव्हां वेचलेलें विकावयाचें कोठें? इकडे घरांत कोंडलेल्या लोकांनीं कपाटें व माळे उपसले. नोकरी सुटलेले कित्येक तरुण भाड्याच्या खोल्या सोडून गांवीं निघाले व गाद्या, टेबलें, पंखे, कुकर जिन्याखालीं ठेवून गेले. इतक्या चांगल्या वस्तू उघड्यावर पडलेल्या मीं पूर्वीं पाहिल्या नव्हत्या. आणि त्यांस हात लावावयास कोणी धजत नव्हतें.

जून महिन्यांत आमची नेहमींची बोहारीण फाटकापाशीं आली. तोंडाला पदर बांधलेला होता. आमच्या घरीं तिच्यासाठीं बांधलेलीं दोन गाठोडीं तयार होतीं. मीं खिडकींतूनच हातानें तिला परत जाण्याची खूण केली. आणि ती गेल्यावर तींच गाठोडीं कचऱ्यांत टाकिलीं. त्या वेळीं मला वाटलें कीं, आपण मोठी दक्षता दाखविली.

आतां ही भीति कितपत खरी होती, तें पाहूं. मार्च २०२० मध्येंच अमेरिकन शास्त्रज्ञांचे प्रयोग प्रसिद्ध झाले होते. प्लॅस्टिक व पोलाद यांवर करोनाचा विषाणु ७२ तासांपर्यंत जिवंत सांपडला. पुठ्ठ्यावर २४ तासांनंतर व तांब्यावर ४ तासांनंतर तो सांपडला नाहीं. बहुतेकांनीं यांतील '७२' हा आंकडा तेवढा लक्षांत ठेविला व ते घाबरले. परंतु त्याच लेखांत असेंही होतें कीं, प्लॅस्टिकवर तो सुमारें दर सात तासांनीं निम्मा होत जातो. विद्यार्थ्यांनो, हा हिशेब वहींत करून पाहा. तीन दिवसांत तो दहा वेळां निम्मा होईल. म्हणजे आरंभीं हजार असेल तेथें शेवटीं जेमतेम एक. कापडासारख्या सच्छिद्र पदार्थांवर तर तो याहूनही लवकर निकामी होतो, असें पुढें आढळून आलें. आपल्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानेंही रोगी नसलेल्या माणसांनीं वापरलेले मुखपट्टे कागदी पिशवींत ७२ तास ठेवून, मग कापून टाकावे, असें सांगितलें होतें. एप्रिल २०२१ मध्यें अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानें जाहीर केलें कीं, दूषित पृष्ठभागास एकदां हात लागल्यानें रोग होण्याचा संभव सामान्यतः दहा हजारांत एकाहूनही कमी आहे. अर्थात् माझ्या दारीं धोका होता तो गाठोड्यांत नव्हे. तो समोरासमोर उभें राहून बोलण्यांत होता, आणि फाटकाचें अंतर व तिच्या तोंडावरचा पदर यांनीं तोही पुष्कळ कमी झाला होता.

मात्र हाच नियम प्रत्येक साथीस लावणें घातक होईल. २३ सप्टेंबर १८९६ रोजीं डॉ. अकासियो व्हिएगस यांनीं मुंबईच्या मांडवी भागांत प्लेग ओळखिला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजीं साथीच्या रोगांचा कायदा झाला (तोच कायदा २०२० सालीं पुन्हा लागू करण्यांत आला, हें पालकांस स्मरत असेल). पुण्यांत गोरे शिपाई घरोघर शिरून रोगी शोधूं लागले आणि अंथरुणें-पांघरुणेंच नव्हत, तर घरांतील इतर चीजवस्तही रस्त्यावर जळूं लागली. लोकांचा जो संताप झाला, त्याचा शेवट २२ जून रोजीं रँडवर झालेल्या गोळीबारांत झाला. त्या वेळीं कोणत्या वस्तूपासून भय व कोणत्या वस्तूपासून नाहीं, हें अधिकाऱ्यांसही उमगलें नव्हतें. पुढच्याच वर्षीं, १८९८ मध्यें, पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच वैद्यानें कराचीस प्रयोग करून दाखविलें कीं, प्लेग उंदरावरील पिसवेच्या चाव्यानें पसरतो. पिसू कपड्यांच्या घडींत, धान्याच्या पोत्यांत बसून दूरवर जाते. तेव्हां चिंध्यांची भीति अगदींच निराधार नव्हती. पण पितळेच्या तांब्याला किंवा लांकडी पाटाला पिसू किती धरणार!

देवीच्या रोगाचें तर याहून वेगळें. रोग्याचीं अंथरुणें धुणाऱ्यांस तो रोग जडल्याचीं उदाहरणें नमूद आहेत. पटकीचा जंतु सुकला कीं मरतो. त्याचें भय ओल्या कपड्यांत व ते जेथें धुवावे त्या पाण्यांत. एकच लुगडें, पण रोगपरत्वें त्याची व्यवस्था निरनिराळी.

या संबंधांत जुन्या करारांतील लेवीय या पुस्तकाचा तेरावा अध्याय मला नेहमीं आठवतो. चट्टा पडलेलें वस्त्र सांपडल्यास काय करावें, याचे तेथें नियम आहेत. तो चट्टा बुरशीचा असावा, असें अनेक अभ्यासक मानतात. वस्त्र लगेच जाळावयाचें नाहीं. सात दिवस निराळें ठेवून पाहावयाचें. चट्टा पसरला तर जाळावयाचें, न पसरला तर धुऊन आणखी सात दिवस ठेवावयाचें. आणि तो फिका पडला असेल, तर तेवढाच तुकडा फाडून काढावयाचा. वस्त्राची किंमत ज्यांस ठाऊक होती, अशा लोकांचा हा कायदा आहे.

जून २०२० मध्यें शाळा मोबाईलवर भरूं लागली तेव्हां कित्येक मुलांच्या घरीं तसें यंत्रच नव्हतें. आम्हीं पालकांकडून त्यांच्या खणांत पडून राहिलेले फोन मागविले. तीन दिवस कागदी पिशवींत ठेवून ते स्पिरिटच्या बोळ्यानें पुसले व पेठेंतील एका दुरुस्तीवाल्याकडे दिले. तीन मेलेल्या फोनांतून तो एक जिवंत करी. बॅटरी फुगलेली असेल, तर तो ती दाबून किंवा टोंचून पाहूं देत नसे, कारण ती पेट घेते. जुना फोन विकतांना आपली माहिती पुसून टाकावी व घेतांना पावती मागावी, म्हणजे चोरीचा माल गळ्यांत पडत नाहीं, हेंही त्यानेंच शिकविलें. गादीसारखी वस्तु तशीच घेऊं नये. ती उसवून कापूस उन्हांत घालावा व पिंजाऱ्याकडून पिंजून घ्यावा.

दिवाळीच्या सुमारास बोहारीण पुन्हा आली. उधारीवर आणिलेलीं भांडीं सगळा पावसाळा घरांत तशींच पडून होतीं, असें ती म्हणाली. माझ्या पत्नीनें पुढें केलेला माझा कोट तिनें उलटसुलट पाहिला व परत दिला. "कोट नको, ताई. आता हापिसात कोण जातंय?"

मग ती माझ्याकडे वळली. "गुरुजी, जून महिन्यात खिडकीत दोन गाठोडी दिसत होती, त्यांचं काय झालं?"

मीं खरें तें सांगितलें. ती रागावली नाहीं. पाटींतील भांडीं नीट लावतां लावतां तिनें एवढेंच विचारिलें, "त्यात जरीची होती का?"

एक होती.