कॉफीतलं कोहळं

आमच्या स्वयंपाकघराच्या छतावर, ओट्याच्या बरोबर वर, तळहाताएवढा पिवळट डाग आहे. दोनदा रंग दिला, तरी तो पुन्हा वर येतो. नवा माणूस घरात आला की हमखास विचारतो, "स्लॅब गळतो का?" गळत नाही. ती कॉफी आहे.

लेक पुण्याला नोकरी करते. एका कोजागिरीला चार दिवस नागपूरला आली, ती पम्पकिन स्पाइस लाटेचं कौतुक घेऊनच. एका पेल्याच्या किमतीत आमच्याकडे आठवड्याची भाजी येते. मी म्हटलं, यात आहे काय एवढं? कोहळं, दालचिनी, सुंठ, जायफळ, लवंग. घरीच करते. पुण्या-मुंबईकडे ज्याला लाल भोपळा म्हणतात, ते आमचं कोहळं. महालक्ष्म्यांच्या जेवणात त्याची भाजी, गूळ घालून त्याचीच बोंडं. पेठ्याचा पांढरा कोहळा वेगळा, त्याचा इथे संबंध नाही.

सासूबाईंनी ऐकलं आणि डोळे मोठे केले. "माय वं! कॉफीत कोहळं? उद्या चहात वांगं टाकशील."

खरं तर त्यांना हसायचा हक्क नव्हता. जायफळ किसून घातलेली कॉफी मी याच घरात, त्यांच्याच हातची पहिल्यांदा प्यायले. मराठी घरांत कॉफीत जायफळ-वेलची कधीपासूनची आहे. आपल्याच डब्यातला मसाला परदेशी नावाने परत आला, एवढंच. पण हे मला नंतर सुचलं. तेव्हा मी पिशवी घेऊन इतवारीत गेले होते.

किराणा ओळीत सगळं मिळालं, एक ऑलस्पाइस सोडून. दुकानदार म्हणाला, "ताई, तेच हे. कबाबचिनी. सगळे हेच नेतात." मी नेली. कबाबचिनी म्हणजे आपलं कंकोळ, मिरीच्या कुळातलं, मागे बारीक शेपटी असलेलं. ऑलस्पाइस हे जमैकाकडच्या एका झाडाचं वाळवलेलं फळ. शेपटी नाही, आणि एका दाण्यात लवंग, दालचिनी, जायफळ तिघांचा वास. काही ठिकाणी दोन्हींना एकच नाव चालतं, म्हणून हा घोळ. माझ्या पहिल्या पाकाला कापराचा वास आणि काढ्याची चव आली. लेक म्हणाली, "आई, खोकला कोणाला झालाय?" ऑलस्पाइस मिळत नसेल तर सोडून द्या. दोन लवंगा आणि चिमूटभर जायफळ जास्त घातलं तर कोणाला कळतही नाही.

त्याच पाकात दुसरी चूक होती. मी दालचिनीची पूड घातली होती. पाण्यात उकळली की ती बुळबुळीत होते आणि गाळणीतून शेंबडासारखी लोंबते. माफ करा, पण दुसरा शब्द नाही. दालचिनीच्या काड्याच घ्या.

आणि तिसरी चूक सासूबाईंची, हे मी मुद्दाम लिहून ठेवते. कृतीत ब्राऊन शुगर होती. त्या म्हणाल्या, "गूळ घाल की, तोच तो." मी घातला. संध्याकाळी पाहुणे बसलेले, दूध उकळतं, त्यात कॉफी, त्यात हा पाक, आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत दूध फाटलं. गूळ थोडा आंबट असतो, त्यात क्षारही असतात. कॉफी मुळातच आंबट. उकळत्या दुधाला एवढं पुरतं. गुळाचाच पाक हवा असेल तर गॅस बंद करा, दूध जरा निवू द्या आणि मग घाला. तरीही खात्री नाही, गुळागुळात फरक असतो. कच्चं आलं घालाल तर तेही आधी पाण्यात चांगलं उकळा. कच्च्या आल्यातलं पाचक द्रव्य दूध नासवतं, उकळल्यावर त्याचा जोर जातो. मी आता सुंठच वापरते.

एवढ्यावर थांबले असते तर छत पांढरं राहिलं असतं.

दुसऱ्या दिवशी साखरेवर केलं. वाटीला वाटी साखर-पाणी, त्यात अर्धी वाटी कोहळ्याचा गर, काड्यांचा मसाला. छान झालं, खरंच छान. रंग संत्र्याच्या सालीसारखा. सॉसच्या दोन रिकाम्या काचेच्या बाटल्या धुतल्या, गरम पाक गच्च भरला, झाकणं पिरगाळून बसवली. एक ओट्याच्या कोपऱ्यात, शेगडीजवळ. दुसरी हौसेने शेजारणीला. फ्रिजमध्ये कोजागिरीचं दूध होतं, जागा नव्हती. मनात कुठेतरी असंही होतं, की साखर आहे म्हणजे टिकेल. कैरीच्या पन्ह्याचा गर टिकतो, आवळ्याचा मुरांबा टिकतो, मग हे का नाही?

तिसऱ्या दिवशी पाकात बारीक बुडबुडे दिसले. मला वाटलं, फेस. झाकण उघडून एकदा वास घेतला असता तर ताडीसारखा आंबूस वास आला असता. नाही घेतला. चौथ्या रात्री दीडच्या सुमारास स्वयंपाकघरात सुतळी बॉम्ब फुटल्यासारखा आवाज झाला. दिवा लावला तर ओटाभर काच, तांदळाच्या डब्यावर काच, छतावर कोहळं. तिथे माणूस उभा नव्हता, एवढं नशीब. सकाळी सहाला पाणी भरायला शेजारीण नेमकी आपल्या ओट्याशीच उभी राहणार होती. मी झोपेचा गाऊन, वर ओढणी, हातात जाड टॉवेल अशी रात्री पावणेदोनला तिची बेल वाजवली. तिच्या नवऱ्याला वाटलं कोणी गेलं. बाटली टॉवेलात गुंडाळून अंगणात नेली, लांब हात करून झाकण हळूहळू सैल केलं. फुस्स करून अर्धा पाक तुळशीत गेला.

का झालं, ते समजून घ्यायला मला पुढे बराच वेळ लागला. साखर राखण करते, पण पुरेशी असली तरच. ती पाणी इतकं धरून ठेवते की जंतूंना ते वापरता येत नाही. औषधांच्या साध्या पाकात वजनाने 66.7 टक्के साखर असते. म्हणजे दोन भाग साखर, एक भाग पाणी. बाजारातल्या फळांच्या सिरपलाही निदान 65 टक्क्यांचा नियम आहे. माझा पाक वाटीला वाटी होता, वर कोहळ्याने आणखी पाणी आणलं. आपला ऑक्टोबरचा उष्मा आणि शेगडीची ऊब. यीस्टला याहून बरं घर कोण देणार? यीस्ट साखर खातं, वायू सोडतं, आणि गच्च झाकणाला जायला वाट नसते.

मुरांब्यात आणि पन्ह्यात आंबटपणा असतो, तो साखरेच्या जोडीला उभा राहतो. कोहळ्यात तो नाही, आणि खरी भीती इथेच आहे. बाटली फुटली हे बरंच म्हणायचं, निदान कळलं तरी. कमी आंबट पदार्थ हवाबंद बाटलीत बाहेर राहिला तर बोटुलिझमचे जंतू विष तयार करू शकतात, आणि त्याला वास, फेस, रंग काहीही नसतं. अमेरिकेत कोहळ्याचा गर घरोघर लागतो, पण तिथल्या कृषी खात्याचंही सांगणं आहे की हा गर घरी बरणीबंद करून ठेवू नका. तेव्हा कोहळं घातलेला पाक हे सरबत समजू नका, भाजी समजा. भाजी आपण ओट्यावर चार दिवस ठेवतो का? फ्रिजमध्ये, आणि आठवड्यात संपवायचा. आंबूस वास किंवा बुडबुडे दिसले तर चाखून पाहायचं नाही, फेकायचा.

मजा अशी की त्या कॉफीला कोहळ्याची गरजच नव्हती. नाव कोहळ्याच्या पायमध्ये घालायच्या मसाल्याचं. स्टारबक्सने 2003 मध्ये ही कॉफी विकायला काढली, आणि 2015 पर्यंत तिच्या सिरपमध्ये कोहळं नव्हतंच. हे वाचलं तेव्हा मी छताकडे बघितलं.

आता मी करते ते असं. बोटाएवढ्या दालचिनीच्या दोन काड्या, सहा लवंगा, ठेचलेल्या सुंठेचा एक तुकडा 250 मिली पाण्यात मंद आचेवर दहा मिनिटं. झाकून तासभर ठेवायचं, गाळायचं आणि मोजायचं. 150 मिली भरलं पाहिजे, कमी असेल तर पाणी घाला, जास्त असेल तर आटवा. त्यात वजनाने 300 ग्रॅम साखर. विरघळली, एक उकळी आली की बंद. बोटावर तार बघायचा मोह होतो, पण एकतारी केलात तर बाटलीत खडीसाखर मिळेल. लिंबाचे चार-पाच थेंब टाकले की साखर लवकर बसत नाही. फ्रिजमध्ये तळाला थोडी बसलीच तर बाटली कोमट पाण्यात उभी करा. जायफळ शेवटी, पाव फळाहून कमी, किसून. आख्खं जायफळ किसणारे उत्साही लोक मला माहीत आहेत. एका माणसाच्या पोटात एवढं गेलं तर छातीत धडधड, तोंडाला कोरड आणि भ्रमापर्यंत पाळी येते. चिमूट ती चिमूटच.

बाटली उकळून, पुसून न घेता उन्हात खडखडीत वाळवायची. पाक पूर्ण निवल्याशिवाय झाकण नाही. गरम पाकाची वाफ झाकणाला लागते, थेंब खाली पडतात, वरचा थर पातळ होतो आणि बुरशी तिथेच धरते. ओला चमचाही तेच करतो. फ्रिजमध्ये महिनाभर चालतो. कपाला दोन चहाचे चमचे पुरतात, पण त्यात 9 ग्रॅमच्या आसपास साखर असते. सासूबाईंना मी एकच देते. त्या दुसरा स्वतः घेतात.

कोहळं हवंच असेल, आणि लेकीला हवंच असतं, तर फोडी वाफवून, गर चाळणीतून घासून बर्फाच्या ट्रेमध्ये भरून फ्रीजरमध्ये. दोन कपांना एक खडा. गरम दुधात घुसळायचा, गाळायचा, मग कॉफी, शेवटी पाक. बाटलीत कोहळं जातच नाही.

परवा शेजारणीला नवी बाटली नेऊन दिली. हा बिनकोहळ्याचा आहे, फ्रिजमध्ये ठेव, असं दोनदा सांगितलं. हो हो, म्हणाली. संध्याकाळी बघते तर बाटली तिच्या अंगणात, तुळशीपाशी, झाकण उघडं.

"रात्रभर बघते," ती म्हणाली, "मग आत घेते."