छापा, काटा आणि शेकडा पाच



समजा, तुमचा एक मित्र म्हणाला, "नाणे पडण्यापूर्वीच छापा की काटा, हे मी ओळखतो." तुम्ही ४० वेळा नाणे उडवलेत. त्याचे २४ वेळा बरोबर आले. निम्म्यापेक्षा चार जास्त! त्याच्या अंगी विद्या आहे, असे मानाल काय?

हा प्रश्न पुण्यात २००८ साली खरोखरच उभा राहिला होता. डॉ. जयंत नारळीकर, संख्याशास्त्रज्ञ प्रा. सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी फलज्योतिषाची चाचणी घेतली. १०० हुशार आणि १०० बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या कुंडल्या जमवल्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यांतील ४० दिल्या आणि कोणती कुंडली कोणत्या गटातली, ते ओळखायला सांगितले. २७ जणांनी उत्तरे पाठवली. सर्वांत चांगला निकाल होता ४० पैकी २४.

शून्य गृहीतक

अशा वेळी संख्याशास्त्रज्ञ आधी उलट बाजूने विचार करतात. 'विद्या वगैरे काही नाही, सारे नशीब' असे ते क्षणभर धरून चालतात. याला शून्य गृहीतक म्हणतात. मग प्रश्न असा, की निव्वळ नशिबाने २४ किंवा त्याहून अधिक उत्तरे बरोबर येण्याची शक्यता किती? हिशेब केला तर ती शेकडा सुमारे १३ निघते. शक्यता शेकडा ५ पेक्षा कमी असेल, तर निकाल 'सार्थ' म्हणायचा आणि शून्य गृहीतक नाकारायचे, अशी रूढी आहे. ती रोनाल्ड फिशर यांच्या १९२५ सालच्या पुस्तकामुळे रुळली. ४० कुंडल्यांसाठी त्याकरिता निदान २६ बरोबर हव्यात. म्हणजे २४ पुरेसे नाहीत.

मेख कोठे आहे?

रीत सोपी आहे, पण तिच्यात तीन खड्डे आहेत.

पहिला: २६ किंवा अधिक बरोबर येण्याची शक्यता शेकडा ४ आहे. २७ जणांनी नुसती नाणी उडवली, तरी सरासरीने एकजण ही रेषा ओलांडेल! त्या एकट्याचाच निकाल छापला, तर वाचक फसेल.

दुसरा: पाऊस पडला की अंगण ओले होते. पण अंगण ओले दिसले म्हणून पाऊसच पडला, असे नाही. कोणी सडा घातला असेल. 'नशीबच असेल तर असा निकाल येण्याची शक्यता' आणि 'असा निकाल आला, तर ते नशीब असण्याची शक्यता' या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. संशोधकही त्यांची गल्लत करतात.

तिसरा: 'सार्थ' म्हणजे 'महत्त्वाचे' नव्हे. आमच्या पुनावळ्यातून अनेकजण चाकणच्या कारखान्यांत कामाला जातात. समजा, तेथे दोन यंत्रांवरच्या बोल्टांच्या जाडीत मिलिमीटरच्या हजाराव्या भागाचा फरक आहे. लाखो बोल्ट मोजले, तर तो फरक 'सार्थ' ठरेल. पण नट दोन्हींवर सारखाच बसेल.

मग निष्कर्ष कोणता?

एका ज्योतिष संस्थेने सर्व २०० कुंडल्या तपासल्या. १०२ बरोबर आल्या, म्हणजे शेकडा ५१. यावरून 'शून्य गृहीतक सिद्ध झाले' असे म्हणता येत नाही. नशिबाची चढउतार धरली, तर त्या संस्थेचे खरे यश शेकडा ४४ ते ५८ च्या दरम्यान असावे, एवढे म्हणता येते. शेकडा ७० किंवा ८० यशाचा दावा मात्र येथे टिकत नाही. ज्या कुंडलीवरून लग्ने मोडतात, तिच्याबद्दल एवढे कळणे काही थोडे नाही! 'सार्थ' किंवा 'असार्थ' या एका शब्दापेक्षा ही मर्यादा आपल्याला अधिक सांगते.

हा वाद जुनाच आहे. पुणे विद्यापीठात संख्याशास्त्र विभागाचा पाया घालणारे प्रा. वि. शं. हुजूरबाजार केंब्रिजला हॅरल्ड जेफ्रीज यांचे विद्यार्थी होते, आणि जेफ्रीज या रीतीचे मोठे टीकाकार होते. एकाच गृहीतकाला पारखून भागत नाही, दुसऱ्या गृहीतकाशी त्याची तुलना हवी, असे ते म्हणत. २०१६ साली अमेरिकन संख्याशास्त्र संघटनेने बजावले, की केवळ अशा एका रेषेवरून निष्कर्ष काढू नयेत. २०१९ साली ८०० हून अधिक शास्त्रज्ञांनी 'सार्थ' हा शिक्काच सोडून द्यावा, अशी मागणी केली. उलट काहींचे म्हणणे असे, की रेषाच पुसली तर कोणीही काहीही दावा करील. त्यापेक्षा ती शेकडा अर्ध्यावर आणा. आम्हा भौतिकीवाल्यांची रेषा तर फारच कडक. २०१२ साली हिग्ज कण सापडल्याचे जाहीर झाले, ते अशी गफलत होण्याची शक्यता सुमारे ३५ लाखांत एक इतकी खाली आल्यावरच!

करून पाहा

वर्गातील २७ मुलांनी प्रत्येकी ४० वेळा छापा-काटा ओळखावा. सर्वाधिक गुण मिळवणाऱ्याचे नाव फळ्यावर लिहा. मग त्यालाच पुन्हा ४० वेळा ओळखायला लावा. दुसऱ्या खेपेला त्याची विद्या कोठे जाते, ते पाहा.