वर्गाचे साहित्य पदरच्या पैशांतून?

प्रश्न : शिरपूर तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत नुकतीच रुजू झाले. पहिली-दुसरीचा वर्ग आहे. तक्ते, कार्डे, मणी हे सगळे मानधनातूनच घ्यायचे का?
– एक शिक्षणसेविका, जि. धुळे

उत्तर : ताई, मुळीच नाही. १६,००० रुपयांच्या मानधनातून वर्ग उभा करण्याचे बंधन तुमच्यावर नाही. समग्र शिक्षाच्या निकषांनुसार शाळेला पटाप्रमाणे संयुक्त अनुदान असते. ३१ ते १०० पटासाठी २५,००० रुपये. ते उशिरा येऊ शकते, म्हणून यादी मुख्याध्यापकांकडे आताच द्या. खर्च शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावानेच होऊ द्या आणि पक्की पावती घ्या.

त्याआधी शाळेचे कपाट उघडा. गणिताची पेटी पुष्कळदा तिथेच पडून असते.

बाकी खान्देशात साहित्याला तोटा नाही. तुरीच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधले की दशक मुलांच्या हातात येते. मोजायला चिंचोके, कार्डांना केळीच्या खोक्यांचा पुठ्ठा. वर्गात पावरा मुले असतील तर चित्राखाली त्यांच्या बोलीतला शब्दही लिहा. तो त्यांच्या आयांनाच विचारा. माझ्या मते विकतच्या कोणत्याही तक्त्यापेक्षा हे मोलाचे.

मात्र गुंजा आणि एरंडीच्या बिया विषारी असतात. त्या वर्गात अजिबात आणू नका. चिंचोकेही मोजून द्या, मोजून परत घ्या.