कुजक्या लाकडाचं आधी ऐकून घ्या

जुन्या गाडीचं इंजिन उघडणारे मिस्त्री पुण्यात हवे तेवढे सापडतात आणि पत्र्याचं काम करणारेही. पण एमजी टीसीसारख्या गाडीच्या पत्र्याखाली अख्खा लाकडी सांगाडा असतो, पत्रा नुसता खिळ्यांनी त्यावर ठोकलेला असतो, असं सांगितलं की निम्मे जण हसतात. उरलेले म्हणतात, "सोपं आहे, आमचा सुतार करून देईल." हे 'सोपं आहे' फार महागात पडतं.

माझी टीसी १९४८ सालची. १९४५ पासून पाचेक वर्षं इंग्लंडात ॲबिंग्डनला या गाड्या जुळल्या. एकूण दहा हजारांच्या आसपास निघाल्या आणि अमेरिकेला गेलेल्यांसकट सगळ्यांचं स्टिअरिंग उजवीकडेच. चासी पोलादाची, तिच्यावर ॲश लाकडाचा सांगाडा आणि त्यावर पातळ पत्रा. माझ्याकडे ती अर्धवट 'नवी' होऊन आली. आधीच्या मालकाने एका गॅरेजला दिली होती. तिथे सगळा सांगाडा एका दमात उतरवला, बसलेल्या जुन्या खांबांवरून मापं घेतली आणि नवीन सागवानात हुबेहूब तसाच बनवला. जुनं लाकूड बंबात गेलं.

बाहेरून काम देखणं होतं. रंधा सुरेख मारलेला, पॉलिश चकचकीत. पण डावा दरवाजा वर घासायचा आणि उजव्याच्या फटीत बोट जायचं. एका स्पीडब्रेकरवर उजवा दरवाजा आपोआप उघडला. टीसीच्या दरवाजांच्या बिजागऱ्या मागच्या बाजूला असतात. दरवाजा सुटला की वारा आत शिरून तो आणखी फाकवतो. वेग कमी होता म्हणून निभावलं.

दोष सुताराच्या हातात नव्हता, मापात होता. बिजागरीच्या खांबाचा पाय सगळ्यात आधी कुजतो, कारण पत्र्यामागून ओघळलेलं पाणी तिथेच साचतं. पाय बसला की खांब झुकतो, दरवाजाचं पुढचं टोक खाली येतं आणि कडी जागेवर बसत नाही. अशा खांबावरून घेतलेलं माप म्हणजे रोगाचंच माप. नवं लाकूड तोच रोग इमानाने पुढे चालवतं.

म्हणून पहिली गोष्ट: सांगाडा एकदम उतरवू नका. दरवाजाच्या चौकटीत आडव्यातिडव्या पट्ट्या स्क्रूने मारून अंग आधी जखडा. मग एका वेळी एकच तुकडा काढायचा, बदलायचा, पुढचा काढायचा. काढलेला प्रत्येक तुकडा, भुसा होत आलेला असला तरी, पिशवीत घालून त्यावर डावा-उजवा, वर-खाली लिहून ठेवा. मापासाठी तो निकामी असतो, पण सांधा कसा घेतला होता, स्क्रू कुठून मारला होता, कुठल्या काठाला किती उतार दिला होता, हे त्याच्याशिवाय कोणी सांगत नाही. खिळ्याभोवती काळा डाग दिसला की पाणी तिथून आत यायचं हेही कळतं. आमचं जुनं लाकूड तर जळून गेलेलं. मुंबईतल्या एका टीसीमालकांनी मोठ्या मनाने आपल्या गाडीचे साचे काढू दिले म्हणून निभावलं. ते साचे आमच्या गाडीवर ठेवले तेव्हा एकही जसाच्या तसा बसला नाही. या गाड्या हाताने जुळवलेल्या, दोन गाड्या सोडा, एकाच गाडीच्या दोन बाजूही सारख्या नसतात. डाव्याचा साचा उलटा करून उजव्याला वापरायचा मोह टाळा.

मग माप घ्यायचं कुठून? आधी चासीचे कर्ण ताडून घ्या. मग दरवाजे. त्यांच्या आतही लाकडाचीच चौकट असते, ती गुण्यात आहे का ते पाहा, नसेल तर आधी ती दुरुस्त करा. खांब सगळ्यात शेवटी. दरवाजा जिथे बसायला हवा तिथे पाचर देऊन टेकवायचा आणि खांब त्याच्याकडे आणायचा. आमचे मिस्त्री कोकणातले, आधी दारं-खिडक्या करणारे. गाडीचं काम त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं, पण हा क्रम त्यांना सांगावा लागला नाही. मी सरस लावायची घाई केली तर म्हणाले, "साहेब, दोन्ही दरवाजे नुसत्या स्क्रूवर लागून दाखवू देत. चिकटवल्यावर चूक पक्की होते." सगळा सांगाडा सुका जोडला, चासीवर चढवला, बोल्ट पूर्ण आवळले आणि दोन धट्टीकट्टी माणसं सीटवर बसवली. उजव्या दरवाजाची फट तेव्हा बदलली. चासीवरच्या एका बोल्टाखाली पातळ पॅकिंग सरकवल्यावर ती जागेवर आली. बोल्ट आवळण्याआधी कितीही मोजलं असतं तरी हे दिसलं नसतं.

लाकूड कोणतं, यावर लोक तावातावाने भांडतात. ॲश निवडण्यामागे इंग्रजांचं शहाणपण होतं: ते चिवट असतं, हादरा सोसतं, वाफेवर छान वाकतं. पण ओलाव्यात लवकर कुजतं. सागवान कुजायला तयार नसतं, वाळवीलाही दाद देत नाही, मात्र हादऱ्याला ॲशइतकं लवचीक नाही. युरोपात ॲशची झाडं गेली काही दशकं बुरशीच्या रोगाने मरताहेत. आयात ॲश मोठ्या वखारींत चौकशी केली तर मिळतं, पण माझं मत विचाराल तर इथल्या पावसाळ्यासाठी सागवानच बरं. अट एवढीच की रेषा सरळ हवी आणि गाभ्याचं लाकूड हवं, बाहेरचं पांढरं चालणार नाही. गोलाईचे तुकडे सरळ फळीतून कापले की रेषा मध्येच तुटते आणि तुकडा नेमका तिथेच मोडतो. पातळ पट्ट्या साच्यावर वाकवून एकमेकींवर चिकटवा, रेषा टोकापर्यंत जाते.

लाकूड मुरलेलं असावं हे सगळेच म्हणतात, मोजत कोणी नाही. मॉइश्चर मीटर फारसा महाग नसतो. पुण्यात १० ते १२ टक्के दाखवलं की काम सुरू करा. १६ टक्क्यांच्या सागवानात गाडी जुळवली आणि उन्हाळ्यात ते १० वर आलं, तर १०० मिलिमीटर रुंदीत एक-सव्वा मिलिमीटर आकसतं. लांबीत जवळजवळ काहीच फरक पडत नाही. दरवाजाची सगळी फटच तीन-चार मिलिमीटरची, तेव्हा हिशेब तुम्हीच करा. जुलैत कोकणातून आणलेली फळी लगेच कापायला घेऊ नका.

सागवान तेलकट, त्यावर डिंक धरत नाही अशी तक्रार नेहमी ऐकू येते. चिकटवण्याच्या जरा आधी सांध्याला पॉलिश पेपर मारून थिनरने पुसा, धरतो. फर्निचरचा पांढरा डिंक इथे टाळा. सतत ताणाखाली तो हळूहळू सरकतो. इपॉक्सी घ्या, पण सांधा ढिला ठेवून फट इपॉक्सीने भरायची सवय लावून घेऊ नका. पितळी स्क्रू मऊ असतात, आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू फिरवून आटे पाडून घ्या, मग मेण लावून पितळी बसवा.

पत्रा चढवण्याआधी लाकडाची कापलेली तोंडं दोनदा-तीनदा रंगवा, पाणी तिथूनच पितं. खालच्या पाण्याच्या वाटा मात्र बुजवू नका. सिलिकॉनने सगळं गच्च बंद केलेल्या गाड्या मी आतून कुजलेल्या पाहिल्या आहेत. आत शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायला जागाच नव्हती. पायाखालची फळी प्लायचीच असते, ती बदलताना आयएस ७१० चा मरीन प्लाय घ्या. आयएस ३०३ चा साधा प्लाय घेऊन पैसे वाचत नाहीत.

आता कागद. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात ठेवलेली आणि मोठे फेरबदल न झालेली गाडी 'विंटेज' म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात. सांगाडा बदलला म्हणजे गाडीचं अंगच बदललं, असा प्रश्न उद्या कोणी उभा केला तर तोंडी उत्तर पुरत नाही. प्रत्येक तुकडा निघतानाचा आणि बसतानाचा फोटो तारखेसकट ठेवा, लाकडाच्या पावत्या ठेवा आणि जुन्या तुकड्यांची ती पिशवी माळ्यावर टाका. घरातलं कोणी बंब पेटवायला नेणार नाही, एवढं मात्र बघा.